डॉ. आनंदीबाई जोशी : एका इंग्रजी वाचनाची कहाणी

आमच्या निवासी विद्यालयात सायंकाळची वंदना आणि रात्रीचे भोजन यांच्यामध्ये एक तास इंग्रजी वाचनासाठी राखून ठेवलेला आहे. एक उतारा, त्याखाली पाच-सहा प्रश्न आणि उत्तर आपल्या शब्दांत लिहिण्याची अट, एवढेच त्या तासाचे स्वरूप. उताऱ्यांचे विषय बहुधा तीन असतात : संगीत, आरोग्य आणि विज्ञान. संगीताचा उतारा मुले हसत हसत वाचतात. ढोलकी, हार्मोनियम आणि रात्रभर चालणारे भीमगीतांचे कार्यक्रम त्यांनी ऐकलेले असतात. एखादा शब्द अडला तरी त्यामागचा सूर त्यांना ठाऊक असतो. विज्ञानाच्या उताऱ्यात निदान आकृती तरी असते. अडचण होते ती आरोग्याच्या उताऱ्याची. स्वतःच्याच शरीराविषयी लिहिलेले वाक्य मुलांना परक्या देशाचे वाटते.

गेल्या वर्षी एका उताऱ्यात जुन्या काळातील एका रुग्ण स्त्रीची हकीकत होती. तिला कन्झम्प्शन झाले होते, असे त्यात म्हटले होते. वर्गातील एका हुशार मुलाने उत्तर लिहिले की त्या बाईचा वापर फार वाढला होता. मी त्याला अर्थ कोठून काढला, असे विचारले, तेव्हा त्याने घरच्या विजेच्या बिलाचा दाखला दिला. त्या बिलावर हाच शब्द छापलेला असतो आणि बिल वाचून दाखवण्याचे काम घरी त्याच्याकडेच असते. त्याचे चुकले, असे म्हणवेना. शब्द त्याने आयुष्यातूनच उचललेला होता; फक्त त्याच शब्दाने इंग्रजीत शतकानुशतके क्षयरोगाचाही निर्देश होत आला, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. त्या दिवशी उतारा बाजूला ठेवून मी वर्गाला जी कहाणी सांगितली, ती या स्मरणिकेसाठी जरा विस्ताराने लिहीत आहे. दिव्याहून कोपर, डोंबिवली आणि ठाकुर्ली ही स्थानके ओलांडली की कल्याण येते. त्या कल्याणच्या जोशी घराण्यात वाढलेल्या एका मुलीची ही कहाणी आहे. तिने इंग्रजी वाचायला शिकून वैद्यकाची पदवी मिळवली, आणि वर्गात अडलेल्या त्या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने तिचा बळी घेतला.

तिचे माहेरचे नाव यमुना. जन्म 31 मार्च 1865 चा. वडील गणपतराव जोशी यांचे घराणे एके काळी सुखवस्तू होते; यमुनेच्या बालपणी ते वैभव ओसरू लागले होते. मुंबईहून निघालेली आगगाडी 1853 मध्ये ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत पोहोचली होती. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याला यमुनेच्या जन्मवेळी सतरा वर्षे होऊन गेली होती. तरीही लोखंडी रुळांवरून माणसे व माल जितक्या सहजतेने कल्याणात उतरत, तितक्या सहजतेने मुलींच्या शिक्षणाची कल्पना तेथे उतरली नव्हती. मुलीने वाचले तर तिच्या नशिबी वैधव्य येते, ही समजूत शिकल्यासवरल्या घरांतही घट्ट रुजलेली होती.

1874 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, यमुनेचा विवाह गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाला. ते टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि तिच्याहून वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकवण्याची मोकळीक मिळावी, ही त्यांची लग्नाची अट होती. सासरी यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव विक्षिप्त, हट्टी आणि तऱ्हेवाईक होते, यावर त्यांच्या सर्व चरित्रकारांचे एकमत आहे. पत्नी स्वयंपाकघरात रमलेली दिसली की त्यांचा संताप अनावर होई. इतर नवरे बायकोला वाचताना पाहून मारीत. हे गृहस्थ वाचत नाही म्हणून मारीत. ही गोष्ट पुष्कळदा गमतीने सांगितली जाते. मला तीत गंमत वाटत नाही. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी लहान वयात खाल्लेल्या माराची, अंगावर फेकलेल्या वस्तूंची आणि सोडून जाण्याच्या धमक्यांची आठवण निःसंदिग्धपणे करून दिली आहे. ज्या हातांनी पुस्तक दिले, तेच हात तिच्यावर उठले. शिक्षणाचा हेतू थोर असला म्हणून दहा वर्षांच्या मुलीच्या पाठीवरचे वळ पुसले जात नाहीत, आणि शिक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद चरित्राच्या तळटीपेत न ढकलता मजकुरातच वाचली पाहिजे.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर तिचा अभ्यास गावोगाव फिरला. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, नंतर बंगालमध्ये कलकत्ता आणि श्रीरामपूर. मराठीचे वाचन पक्के झाल्यावर संस्कृत आणि इंग्रजी सुरू झाले. मुंबईत ती मिशनऱ्यांच्या शाळेत जाऊ लागली. हातात पुस्तके घेऊन रस्त्याने चाललेली ब्राह्मण घरातील विवाहित मुलगी हा त्या काळी लोकांच्या टवाळीचा विषय होता, आणि ती टवाळी तिने रोज, जाताना आणि येताना, सोसली.

1878 च्या मार्चमध्ये तिला मुलगा झाला. तिला स्वतःला तेरावे वर्षही पुरे व्हायचे होते. मूल अवघे दहा दिवस जगले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, हा सल तिच्या मनात कायमचा राहिला. पुरुष डॉक्टरला शरीर दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका तिने आजूबाजूला पाहिल्या होत्या; आता ते दुःख तिचे स्वतःचे झाले. तोवर ती पतीच्या धाकाने वाचत होती. यापुढच्या वाचनाला तिचा स्वतःचा हेतू लाभला, असे मला वाटते. आरोग्य हा विषय तिने अभ्यासक्रमाच्या यादीतून निवडलेला नव्हता.

त्याच सुमारास गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत साहाय्य मिळेल काय, अशी विचारणा करणारे पत्र वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिले. ते पत्र एका मिशनरी नियतकालिकात छापून आले. सोबत, धर्मांतर केल्यास विचार करू, अशा आशयाचे उत्तरही होते. प्रकरण तेथेच संपायचे. पण 1880 मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो जुना अंक त्यांच्या हाती पडला. एवढ्या दूरच्या एका मुलीची शिकण्याची इच्छा वाचून त्या अस्वस्थ झाल्या आणि त्यांनी पत्र लिहिले. वेळ घालवण्यासाठी चाळलेल्या अंकातील काही ओळी नीट वाचल्या गेल्या, म्हणून पुढचे सारे घडले.

आनंदीबाईंचे खरे इंग्रजी शिक्षण या पत्रव्यवहारात झाले, असे माझे मत आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला त्या पत्रांतील अमेरिकन घर, ऋतू आणि रीतिभाती समजून घ्यायच्या होत्या, आणि उत्तरात आपले सण, व्रते, बालविवाहाची चाल आणि बायकांचे जिणे एका परदेशी बाईला समजेल अशा इंग्रजीत मांडायचे होते. शब्दकोशात हळदीकुंकवाला प्रतिशब्द मिळत नाही. हळदीकुंकू म्हणजे काय, ते आधी स्वतःला उमगावे लागते. वाचलेले समजले की नाही, याची परीक्षा येथे प्रत्येक टपालाबरोबर होत होती आणि उत्तर यायला आठवडे लागत. पत्रांतून स्नेह वाढत गेला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

याच मुलुखात पुढे एका सुभेदाराने आपल्या मुलाचे इंग्रजी कसे घडवले, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. रामजी सकपाळ यांनी बाबासाहेबांकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांचे धडे पाठ करून घेतले होते. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत ये-जा करीत प्रत्येक शब्द तोलून पाहण्याची ती पद्धत होती. आनंदीबाईंच्या हाती पाठ्यपुस्तकाऐवजी पत्रे होती. ये-जा मात्र तीच. दोन्ही ठिकाणी मातृभाषा दाराबाहेर काढून ठेवलेली दिसत नाही, हे आजच्या पालकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

अमेरिकेला जाण्याचे ठरले तेव्हा श्रीरामपुरात गदारोळ उठला. हिंदू विवाहित स्त्रीने एकटीने समुद्र ओलांडायचा, तोही वैद्यक शिकण्यासाठी, ही गोष्ट सनातन्यांना खपली नाही आणि मिशनऱ्यांनाही तिने धर्म न बदलता जाणे रुचले नाही. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात, अठरावे वर्ष पुरे होण्याआधी, त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. त्या भाषणाची रचना आमच्या वाचनाच्या तासाला अगदी जवळची आहे. लोक जे प्रश्न कुजबुजत होते, ते त्यांनी स्वतःच सभेपुढे क्रमाने मांडले. अमेरिकेला का जायचे. शिक्षणाची सोय हिंदुस्थानात नाही काय. एकटीने का जायचे. परत आल्यावर जातीतून बहिष्कृत होणार नाही काय. संकट आले तर काय करणार. आणि कोणत्याही स्त्रीने आजवर न केलेले आपणच का करावे. असे सहा प्रश्न आणि प्रत्येकाचे सविस्तर उत्तर. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात 1875 पासून स्त्रियांना प्रवेश होता, हे श्रोत्यांपैकी कोणी म्हणण्याआधीच त्यांनी त्या सोयीचा आणि तिच्या अपुरेपणाचा विचार केला होता. प्रश्नाचे उत्तर पानावरच्या ओळीत शोधायची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हे भाषण अवश्य दाखवावे. येथे उत्तरे कोणत्याही ओळीत लिहिलेली नव्हती.

7 एप्रिल 1883 रोजी त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान केले. खर्चासाठी दागिने विकावे लागले. सुमारे दोन महिन्यांचा प्रवास करून 4 जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर थिओडिशिया कार्पेंटर न्यायला आल्या होत्या. रोझेलच्या घरी राहून आनंदीबाईंनी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी अर्ज लिहिला. हे महाविद्यालय 1850 मध्ये स्थापन झालेले, स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या जगातील अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. अर्जात त्यांनी आपली तयारी सर्व नियमांना पुरी पडेलच असा दावा केला नाही. पण पुरुष वैद्यापुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे ज्ञान हवे आहे, एवढे निक्षून सांगितले. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली या स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी अर्जामागचे माणूस ओळखले. प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीही मिळाली.

पुढची तीन वर्षे म्हणजे आरोग्य आणि विज्ञान या दोन विषयांचे इंग्रजी वाचन, दिवसरात्र. शरीररचना, रसायन, औषधिविज्ञान, प्रसूतिशास्त्र. वैद्यकाच्या इंग्रजीत अर्धेअधिक शब्द ग्रीक व लॅटिन मुळांचे असतात. इंग्रज विद्यार्थ्यालाही ते पाठ करावे लागतात. तेथे इंग्रजी मातृभाषा असणे ही काही फार मोठी आघाडी नव्हे, आणि संस्कृत शिकलेल्या मुलीला धातू, उपसर्ग, प्रत्यय उलगडून शब्दाचा अर्थ लावण्याची सवय असते. आमच्या मुलांना मी हेच करायला लावतो : लांबलचक शब्द पाहून घाबरायचे नाही, त्याचे तुकडे करायचे. पण ग्रंथातील शब्द कळणे आणि समोरच्या टेबलावरील अस्थीकडे बोट दाखवून तो शब्द उच्चारता येणे, यांत अंतर आहे. नऊवारी नेसणाऱ्या, शाकाहारी, थंडीने गारठलेल्या अठरा वर्षांच्या मुलीने ते अंतर रोज कापले. 1885 मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली या सहाध्यायिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या दिसतात. तिघींपैकी एकीचीही इंग्रजी मातृभाषा नव्हती, आणि तिघींनीही पुढे पदवी मिळवली.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या आणि गोपाळरावही तोवर अमेरिकेत येऊन पोहोचले होते. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याही वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. प्राचीन ग्रंथांतील ज्ञान आधुनिक वैद्यकासमोर ठेवण्याची त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. परक्या देशात आपल्या परंपरेची मान ताठ ठेवावी, असे कोणालाही वाटेल. पण आमच्यासारख्या वाचकाला त्या शीर्षकापाशी थांबावे लागते. त्या काळच्या महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत बाळंतपण प्रत्यक्षात कोण करीत होते? अनेक गावांत सुईणीचे काम मातंग आणि महार समाजातील स्त्रियांकडे होते. सवर्णांच्या घरात एरवी ज्यांचा स्पर्श चालत नसे, त्यांच्याच हातात त्या घरचे मूल पहिल्यांदा येई. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते, कारण ते जाणणाऱ्यांना लिहिण्याची मुभाच नव्हती. आनंदीबाईंना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. वीस वर्षांच्या त्या विद्यार्थिनीला जे ग्रंथ उपलब्ध होते, त्यांतून तिने वाचले. मात्र पुस्तकात काय आहे हे वाचणाऱ्याने, काय नाही तेही कधी तरी विचारावे, आणि तसे विचारणारी पिढी आज आमच्याच वर्गांत बसलेली आहे.

पदवीपूर्वीच त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. थंडी, अपुरा आणि न मानवणारा आहार, अभ्यासाचा ताण आणि खोकला. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधल्याची घोषणा 24 मार्च 1882 रोजी केली होती. म्हणजे आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा हा शोध अगदी ताजा होता. रोगाचे कारण विज्ञानाला कळले होते, औषध मात्र कळले नव्हते. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन सापडायला 1943 साल उजाडावे लागले. आपल्या फुप्फुसांत काय चालले आहे, हे इंग्रजीत नीट वाचू शकणाऱ्या त्या डॉक्टरला त्या वाचनाचा स्वतःसाठी काही उपयोग करून घेता येणार नव्हता. ती वैद्यकाची मर्यादा होती.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली होती आणि त्यांनी ती आनंदाने स्वीकारली होती. ज्या कोल्हापुरात त्यांनी शाळकरी वयात इंग्रजीचे धडे गिरवले, तेथेच डॉक्टर म्हणून रुजू होण्याचा हा योग होता. 1886 च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या अंथरुणाला खिळण्यासाठीच. ज्यांनी समुद्रपर्यटनाबद्दल बहिष्काराची भाषा केली होती, तेही आता कौतुकाने भेटायला येऊ लागले. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीस वर्षांनाही महिनाभर कमी. कोल्हापूरच्या त्या रुग्णालयात त्यांनी एकाही रुग्णाला तपासले नाही.

पुढच्याच वर्षी कॅरोलिन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले. श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीने ही कथा मराठी घराघरांत नेली. पण वर्गात मुलांपुढे ठेवायला मला या सर्वांपेक्षा एक फार लहान मजकूर सापडला. गोपाळरावांनी पत्नीच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या आणि त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. तेथील दगडावर नाव, जन्म व मृत्यूची वर्षे आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री एवढ्या आशयाची एक इंग्रजी ओळ आहे.

कन्झम्प्शनचा घोटाळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो मजकूर फळ्यावर लिहिला आणि तोच त्या दिवसाचा उतारा असल्याचे सांगितले. प्रश्न मुलांनीच तयार करायचे होते. एकाने विचारले, जात का लिहिली असेल. दुसऱ्याने विचारले, घरापासून इतक्या दूर का पुरले असेल. विजेच्या बिलाच्या मुलाने मृत्यूच्या वर्षातून जन्मवर्ष वजा केले, आलेली संख्या आपल्या वहीत लिहिली आणि तिच्याखाली मराठीत क्षय असे लिहिले. आठवीतील एका मुलीची तक्रार होती की ही बाई शिकायला गेली एवढेच ओळीत आहे, ती काय शिकली ते कोठेच नाही. मी काही सांगण्याआधी तिच्या शेजारणीने उठून फळ्यावरील नावाच्या पुढे असलेल्या दोन अक्षरांवर बोट ठेवले.